साठा उत्तरांची कथा पाचा उत्तरी कशी आणायची? (कथा लिहिणाऱ्यांसाठी धागा)

उंबरठा | ३ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बँकेतली नोकरी, घर, मुलगी, सगळं आवरून रात्री अकरानंतर लिहिते. चार कथा पूर्ण झाल्यात. त्यातली एक जूनमध्ये एका दिवाळी अंकाला पाठवली होती. काल उत्तर आलं, एकाच ओळीचं: विषय चांगला आहे, भाषाही ठीक, पण कथा होत नाही.

होत नाही म्हणजे काय? भाकरी होत नाही, गणित होत नाही, हे मला कळतं. कथा होत नाही म्हणजे शिजायची राहिली की करपली? नवऱ्याला वाचायला दिली तर म्हणाला, छान आहे की. त्याला अळणी आमटीसुद्धा छान लागते.

कथा थोडक्यात अशी. अण्णा हे कराडजवळच्या गावचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीसेक वर्षांपूर्वी तिकिटाच्या पैशांवरून त्यांच्यावर आळ आला, निलंबन झालं, पुढे चौकशीत सुटले. घरी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही (त्या काळात रोज डबा घेऊन निघायचे आणि प्रीतिसंगमावर बसून परत यायचे). आता मुलाकडे पिंपरीला राहतात. नातू दुकानातून उरलेले सुट्टे परत न देता चॉकलेट खातो. अण्णा त्याला मारतात, सून बोलते, घरात भांडण होतं, अण्णा अंथरूण धरतात आणि शेवटी जातात. मुठीत एक जुनं तिकीट सापडतं.

सुरुवात देते:

«सकाळचे सहा वाजले होते. सूर्याची कोवळी किरणे खिडकीतून आत डोकावत होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता. अण्णा नेहमीप्रमाणे उठून गॅलरीत आले. तीस वर्षांपूर्वीच्या एका खोट्या आळाची जखम अजूनही त्यांच्या काळजात भळभळत होती. "बाळा, प्रामाणिकपणा हाच माणसाचा खरा दागिना असतो," असे ते नातवाला नेहमी सांगत.»

मनमोकळेपणाने झोडा. फक्त का ते सांगा.

---

झारा | ३ ऑगस्ट, रात्री ११.०५

पिंपरीत पक्षी किलबिलतात? आमच्याकडे कबुतरं घुमतात आणि पाण्याचा टँकर रिव्हर्स घेतो.

---

खडूस_वाचक | ३ ऑगस्ट, रात्री ११.३२

झोडा म्हणालात म्हणून.

पहिली चार वाक्यं कुठल्याही कथेला चालतील. अण्णांच्या जागी माई ठेवा, कंडक्टरच्या जागी मुख्याध्यापक ठेवा, एक अक्षर बदलावं लागत नाही. म्हणजे ती चार वाक्यं तुमच्या कथेची नाहीतच. आणि पाचव्या वाक्यात कथा संपली. आळ खोटा होता, जखम आहे, ती भळभळते आहे, सगळं आमच्या हातात दिलंत. आता पुढची बारा पानं मी कशासाठी उलटू?

सहावं वाक्य शाळेच्या फळ्यावर शोभेल.

---

टाइमपास | ४ ऑगस्ट, सकाळी ७.५०

वाचतोय. चहा घेऊन बसलोय.

---

सुपारी | ४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

उंबरठा, मी गेली काही वर्षं एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेलं साहित्य पहिल्या फेरीत वाचते. मानधन म्हणाल तर अंकाच्या दोन प्रती आणि चकली. तुम्हाला आलेली ती ओळ मीही लिहिली आहे, त्यामुळे थोडं अपराधी वाटलं.

आतली गोष्ट सांगते. जुलैत ढीग येतो. त्यात निम्म्या कथांत पहिल्या पानावर कुणीतरी झोपेतून उठतं. मग चहा. मग आरसा (नायिकेचं रूप सांगायचं असतं ना). मग फोन वाजतो, आणि तिथे खरी कथा सुरू होते, तिसऱ्या पानावर. आपल्याला लिहिताना अंग मोकळं व्हायला ती दोन पानं लागतात, त्यात गैर काही नाही. पण व्यायामाआधीचं वॉर्मअप कुणी तिकीट लावून दाखवत नाही.

दुसरं म्हणजे, शेवटी आजोबा मरतात. अहो, दिवाळी अंकांत आजोबा फार मरतात! मुठीत काहीतरी असतंच: चिठ्ठी, फोटो, प्राजक्ताचं फूल. लेखकाला शेवट सापडत नाही, की आजोबांचा बळी. तुमच्या अण्णांना जगू द्या. मेल्यावर सगळे रडतात. जिवंत राहिले तर सुनेला उद्या सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवायचा आहे, ते जास्त अवघड आहे.

---

उंबरठा | ४ ऑगस्ट, दुपारी १.२०

सुपारी, डबा खाता खाता हसले. हो, आरसा माझ्या दुसऱ्या कथेत आहे.

खडूस, पण सुरुवातीला वातावरणनिर्मिती नको का?

---

बाराखडी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

वातावरणनिर्मितीवरून थोडं लांबण लावतो. निवृत्त मराठी शिक्षक आहे, सवय जात नाही.

उद्यापरवा श्रावण आहे म्हणून श्रावणी सोमवारची कहाणी घेऊ. खुलभर दुधाची. आपण सगळ्यांनी ती ऐकलेली आहे, पण लिहिणाऱ्याच्या कानांनी एकदा ऐका.

आटपाट नगर होतं. झालं, स्थळ संपलं. तिथे एक राजा होता, तो शिवभक्त होता. पात्र संपलं. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. चौथ्या वाक्याला एका माणसाला एक विचित्र इच्छा झालेली आहे, आणि आपण कान टवकारलेत. नगरात दवंडी पिटली जाते, घरोघरचं सगळं दूध देवळात येतं. मुलांना नाही, वासरांना नाही. गाभारा काही भरत नाही.

इथपर्यंत कहाणी धावते. मग एक म्हातारी येते, आणि ती आल्यावर कहाणी एकदम चालायला लागते. म्हातारीनं घरचं कामकाज आटपलं. मुलांबाळांना खाऊ घातलं. लेकीसुनांना न्हाऊ घातलं. गाईवासरांना चारा घातला. मग थोडंसं उरलेलं खुलभर दूध घेतलं, चार फुलं घेतली, आणि निघाली. राजाचं नाव सांगायला कहाणीकडे वेळ नाही, पण म्हातारीची कामं एकेक करून मोजायला आहे. का? कारण कहाणीचा सगळा जीव त्या कामांत आहे. म्हातारी दयाळू होती, मायाळू होती, असं कुठेही म्हटलेलं नाही. वासरांना चारा घातला म्हटलं, की काम झालं.

आणि शेवटी आपण म्हणतो काय? ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. साठ वचनांची गोष्ट पाच वचनांत सांगितली! आमच्या आजीनं हे हातात तांदूळ घेऊन शेकडो वेळा म्हटलं असेल. संपादन म्हणजे काय ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण पाचा उत्तरी म्हणजे सगळंच आखूड नव्हे. पंचावन्न ठिकाणी धावायचं आणि पाच ठिकाणी बसकण मारायची. उंबरठाताई, तुम्ही सूर्यकिरणांपाशी बसलात. आणि जिथे बसायचं होतं ते कंसात टाकलंत.

---

उंबरठा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.०२

कंसात? कुठल्या?

---

बाराखडी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

(त्या काळात रोज डबा घेऊन निघायचे आणि प्रीतिसंगमावर बसून परत यायचे).

---

झारा | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१२

आई गं.

---

खडूस_वाचक | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

काकांना शंभर मोदक. मीही ते वाक्य डोळ्यांआड केलं होतं, कंसातलं म्हणून.

आता प्रश्न. डबा खायचे का ते? बायकोनं पहाटे उठून केलेला. कामावर न गेलेल्या माणसाच्या घशाखाली तो उतरेल? की कुत्र्याला घालायचे? नाही खाल्ला आणि भरलेला परत नेला तर बायको विचारणार. म्हणजे खावाच लागणार किंवा कुठेतरी रिकामा करावाच लागणार. कृष्णा-कोयनेच्या काठावर एक माणूस डबा उघडून बसलाय आणि त्याला भूक नाही. माझ्यासाठी कथा इथे आहे. नातवाचं चॉकलेट गेलं खड्ड्यात.

---

डबलबेल | ४ ऑगस्ट, रात्री ९.५५

फक्त या धाग्यासाठी लॉगिन केलं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे राहवलं नाही.

ताई, रोज डबा घेऊन निघायचे हेच बसत नाही. कंडक्टरची ड्यूटी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नसते. आज पहाटे साडेचारची गाडी, उद्या दुपारची, मग मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे रात्री शेवटच्या गावात जाऊन थांबायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीत नाहीतर देवळात झोपायचं आणि सकाळी तीच गाडी पहिली फेरी म्हणून परत आणायची. आमच्याकडे आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुक्कामाच्या तारखांना गोल केलेले असायचे.

म्हणजे अण्णांना खोटं नीट चालवायचं असेल तर त्यांना मुक्कामसुद्धा करावे लागणार. घरातून संध्याकाळी निघायचं आणि रात्र कुठेतरी काढायची. कुठे? कराडच्या स्टँडवर नाही, तिथे सगळे ओळखतात.

दुसरं, पगार. निलंबनात पूर्ण पगार मिळत नाही. पगाराच्या दिवशी बायकोच्या हातात काय ठेवलं? कुणाकडून उसने घेतले?

तिसरं, गाव. कंडक्टरला अख्खं गाव ओळखतं. आज गाडीवर दुसराच कंडक्टर होता, असं कुणीतरी घरी येऊन सांगणारच. घरी कुणालाच माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. माझ्या मते बायकोला माहीत होतं.

---

पूर्वरंग | ४ ऑगस्ट, रात्री १०.२०

बायकोला माहीत होतं आणि तरी ती डबा देत होती!!

---

टाइमपास | ४ ऑगस्ट, रात्री १०.२४

मी कामावर बसून रडतोय. रात्रपाळी आहे. थांबवा हे.

---

उंबरठा | ४ ऑगस्ट, रात्री ११.५०

मला झोप येणार नाही आज.

डबलबेल, तुमचे कसे आभार मानू. मी एसटीने फक्त प्रवास केलाय. वाटलं होतं कंडक्टर म्हणजे खाकी कपडे, गळ्यात बॅग आणि पुढे सरका पुढे सरका.

---

मिरची_कोल्हापुरी | ५ ऑगस्ट, सकाळी ८.३०

सगळे हळवे झालेत, मी जरा भाषेकडे वळते.

अण्णा कराडकडचे. ते बाळा, प्रामाणिकपणा हाच माणसाचा खरा दागिना असतो, असं कुठल्या जन्मात बोलतील? पण आता तुम्ही ते सुधारायला बसाल आणि आरं बाळा, परामानिकपना ह्योच खरा दागिना हाय, असं कराल, म्हणून आधीच ओरडते. उच्चार वाकडे केले म्हणजे बोली होत नाही. त्यात पात्र अडाणी दिसतं आणि लेखक त्याच्याकडे वरून बघतोय असं वाटतं. शहरातल्या बऱ्याच लेखकांचं गाव म्हणजे व्हय जी, न्हाय जी आणि धोतर.

बोली वाक्याच्या हाडात असते. आमच्याकडचा माणूस उपदेश करत नाही, टोचतो. 'लई शाना झालास की', 'खा, खा, बापाचंच हाय', 'ऱ्हाऊ दे, काय बोलू नगंस'. यात प्रामाणिकपणा हा शब्द कुठेच नाही आणि पोराला बरोबर कळतं. वऱ्हाडातला असता तर 'काय करून राहिला बे' म्हणाला असता, त्याची क्रियापदाची चालच निराळी. एवढी चाल पकडा आणि उच्चारांवर हात आखडता ठेवा. चार वाक्यांत एक 'न्हाई' पुरतं, वाचक बाकीचं मनात ऐकतो.

शिवाय तीस वर्षं नोकरी केलेला कंडक्टर दोन भाषा बोलतो. घरी एक आणि गाडीत एक. गाडीत तो 'सुट्टे द्या', 'मागं जागा आहे', असं नीट बोलतो. नातवाला मारताना कुठली तोंडातून येते, तिथे बघा.

---

कंदील | ५ ऑगस्ट, सकाळी १०.०५

जरा वेगळा सूर लावतो.

सांगू नका, दाखवा. सांगू नका, दाखवा. हल्ली प्रत्येक लेखन-कार्यशाळेत हे पढवलं जातं आणि त्यातून एक नवाच साचा निघालाय. कुणी काही बोलत नाही. सगळे खिडकीबाहेर बघतात. कप विसळतात. शेवटी पाऊस येतो. वाचकानं सगळं ओळखायचं.

बाराखडी सर, तुमच्याच कहाणीत पुढे काय होतं? राजा म्हातारीला पकडतो आणि ती स्पष्ट सांगते की तुझ्या आज्ञेमुळे वासरांचे, मुलांचे जीव तळमळले, मोठ्या माणसांचे हायहाय माथी आले, हे देवाला आवडलं नाही, म्हणून गाभारा भरला नाही. सगळं तात्पर्य तोंडानं सांगितलं की! मग तिथे का नाही खटकत?

---

खडूस_वाचक | ५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

मुद्दा बिनतोड आहे. सर, बोला.

---

बाराखडी | ५ ऑगस्ट, दुपारी ४.१०

दुपारी झोपलो होतो, त्याआधी विचार करत होतो. कंदील, तुम्ही मला पकडलंत.

पण ती कधी सांगते ते बघा. आपण होऊन नाही सांगत. पहिल्या सोमवारी दूध वाहून गुपचूप निघून जाते. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पाळतीवर बसतो आणि तिचा हात धरतो. ती घाबरते. आधी अभय मागते, राजा वचन देतो, आणि मगच तोंड उघडते. राजाला तोंडावर तू चुकलास म्हणायचं आहे, मान जाऊ शकते. त्या बोलण्याची किंमत आहे, म्हणून ते उपदेश वाटत नाही.

तेव्हा माझं कालचं म्हणणं दुरुस्त करतो. पात्रानं सांगायला हरकत नाही. पण सांगणं त्याला जड जायला हवं. अण्णा गॅलरीत उभे राहून जखम भळभळवतात तेव्हा त्यांना काहीच मोजावं लागत नाही. तेच त्यांना सुनेसमोर, नातवाच्या गालावर पाच बोटं उठलेली असताना, सांगावं लागलं तर?

आणि सगळ्या कथांना एकच औषध लागू पडत नाही, हेही खरं. आपल्याकडे हा वाद जुना आहे. ना. सी. फडक्यांनी लघुकथेचं तंत्र बांधून दाखवलं: सुरुवात अशी, गुंतागुंत अशी, उत्कंठा अशी. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर आले आणि त्या चौकटीबाहेर लिहून मोकळे झाले. तरी आज कुणी नव्यानं लिहायला बसलं की फडक्यांचेच प्रश्न पहिल्यांदा पडतात. त्यात कमीपणा नाही.

---

सुपारी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५.००

अवांतर: १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला मानला जातो. तेव्हापासून आपण दर जुलैला या ढिगाखाली सापडलो आहोत. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत यांच्याबद्दल जुने लेखक सांगतात की ते कथेवर लांबलचक पत्रं लिहायचे, कुठे काय खटकलं ते कळवायचे, पुन्हा लिहून मागवायचे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. माझ्यासारख्या चकलीवर काम करणारीकडून तसलं पत्र येणार नाही. तेव्हा हे असले धागेच आता ते काम करणार.

---

पूर्वरंग | ५ ऑगस्ट, रात्री ८.४५

आयडीवरून कळलं असेलच, कीर्तनकारांच्या घरातला आहे. आजोबा नारदीय कीर्तन करायचे. मी आयटीत आहे, पण पेटीची साथ करून लहानाचा मोठा झालो.

उत्कंठेबद्दल सांगतो. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लागतं तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट माहीत असतो. हरिश्चंद्र सुटणार, हे पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक. तरी तारामती स्मशानात आली की पदर डोळ्यांना लागायचे. म्हणजे पुढे काय होणार, हे लपवणं एवढीच उत्कंठा नाही. कळलं कसं, बोलले कसे, हात कुठे थरथरला, यासाठीही माणूस बसून राहतो. तुम्ही अण्णांचं निलंबन पहिल्या पानावर सांगून टाकलंत तरी चालेल, खडूस काहीही म्हणोत. पण मग दुसरं काहीतरी राखून ठेवा. बायकोला माहीत होतं, हे.

वेगाबद्दलही. आजोबा युद्ध आलं की कटाव लावायचे, श्वास न घेता धडाधड. शोकाला दिंडी किंवा साकी, संथ. एकच माणूस, एकच आख्यान, पण चाली बदलत्या. मी नवोदितांच्या कथा वाचतो तेव्हा बऱ्याचदा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल असते. मारामारीतही सगळी वाक्यं ल्यालेली-नेसलेली.

आणि शेवटचं. ते कीर्तनाआधी घरी आख्यान मोठ्यानं म्हणायचे, आजी तांदूळ निवडत असायची. जिथे आजीचा हात थांबायचा ती जागा ते ठेवायचे. जिथे ती म्हणायची, अहो, दूध आणायला कोण जाणार आहे, ती जागा कापायचे.

---

मिरची_कोल्हापुरी | ५ ऑगस्ट, रात्री ९.००

+१ मोठ्यानं वाचण्याला. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, हजारो लोकांसमोर. समोर लोक असले की कळतं कुठलं वाक्य तोंडात अडकतंय. मी फोनवर रेकॉर्ड करून भांडी घासताना ऐकते. स्वतःचीच लाज वाटते, पण कापायला सोपं जातं.

---

झारा | ५ ऑगस्ट, रात्री ९.२०

उंबरठा कुठे गेल्या? आपण बहुतेक पळवून लावलं त्यांना.

---

उंबरठा | ९ ऑगस्ट, रात्री ११.४५

आहे, आहे. चार दिवस लिहीत होते.

शनिवारी नवऱ्याला, सासऱ्यांना आणि लेकीला घेऊन कराडला जाऊन आले. मुद्दाम एसटीनं. तिकीट काढताना एक गंमत झाली. माझं महिलांच्या सवलतीत अर्धं, सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण म्हणून त्यांचं काहीच नाही, लेक दहाची म्हणून तिचं अर्धं. फक्त नवऱ्याचं पूर्ण. तो म्हणाला, या गाडीत मी एकटाच गिऱ्हाईक आहे. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की पोराचं तिकीट बारापर्यंतच अर्धं असतं.

प्रीतिसंगमाच्या घाटावर दोन तास बसले. डबा नेला होता, पण उघडला नाही. लेकीनं विचारलं, आपण इथे का बसलोय. काय सांगणार!

जुनी कथा बाजूला ठेवली. चॉकलेट गेलं, गॅलरी गेली, मुठीतलं तिकीट गेलं. अण्णा जगले. सून आणि नातू अण्णांना घेऊन गावी निघालेत, अण्णांच्या बायकोच्या वर्षश्राद्धाला. सुरुवात देते. पुढे घाट आहे, तो अजून जमत नाहीये.

«"एक लेडीज, एक हाफ," वैशालीनं पाचशेची नोट पुढं केली. "आणि अण्णांना पंचाहत्तर पूर्ण आहेत."

कंडक्टरनं अण्णांचं आधार कार्ड बघून परत दिलं. मशीनवर बोट ठेवलं.

"त्याला फुल द्या," अण्णा म्हणाले.

"बारापर्यंत हाफच असतंय, आजोबा."

"बारा झाली त्याला. मंगळवारी."

"अण्णा, तीन दिवसांनी काय होतंय?" वैशाली हळू आवाजात म्हणाली. मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. ओंकारनं खिडकीकडं तोंड केलं.

कंडक्टरही हसला. "ऱ्हाऊ द्या आजोबा. कोण बघतंय?"

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढले. मोजले. परत मोजले. कंडक्टरच्या हातावर ठेवले आणि तिकीट बाहेर येईपर्यंत मशीनवरची नजर हलवली नाही.

कंडक्टर पुढं गेला. दारापाशी जाऊन त्यानं डबल बेल दिली. अण्णांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत मांडीवर आला.»

---

टाइमपास | १० ऑगस्ट, सकाळी ६.१०

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). पुभाप्र. पुभाप्र.

---

सुपारी | १० ऑगस्ट, सकाळी ९.४०

'कोण बघतंय' आवडलं. तुम्ही ते मुद्दाम लिहिलंत की आपोआप आलं, मला सांगू नका. लेडीज-हाफ-पंचाहत्तर या गणितात वैशाली, अण्णा, ओंकार तिघंही ओळीत उभे राहिले, कुणाचं वर्णन न करता. हे माझ्या ढिगात आलं असतं तर मी पान उलटलं असतं.

पण पाचशेची नोट सुट्ट्यांच्या भांडणाला निमंत्रण आहे. कंडक्टर आधी त्यावर बोलेल. सुट्टेच द्या तिच्या हातात.

---

मिरची_कोल्हापुरी | १० ऑगस्ट, सकाळी ९.५५

'ऱ्हाऊ द्या' एकदाच आलंय आणि बरोबर माणसाच्या तोंडी. अण्णा मात्र गाडीत गाडीची भाषा बोलतायत. पास.

---

कंदील | १० ऑगस्ट, सकाळी ११.१५

खिडकीकडं तोंड केलंच शेवटी कुणीतरी! :)

पण बारा वर्षांचं पोर लाजलं की तेच करतं. माफ.

---

खडूस_वाचक | १० ऑगस्ट, दुपारी १२.३०

चांगलं आहे. हे मी फारसं म्हणत नाही.

घाट जमत नाहीये म्हणता, तर तिथे वैशालीला बोलू द्या. सासूनं तिला कधीतरी डब्याबद्दल सांगून ठेवलं असेल, आणि अण्णांना ते माहीत नसेल. ती बोलली तर अण्णांचं तीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडतं, नाही बोलली तर सासूचं गुपित तिच्यासोबत जातं. अडवा तिला तिथे.

किरकोळ: 'पैसे काढले. मोजले. परत मोजले' उत्तम. शेवटच्या वाक्यात 'उजवा' काढा. हात उचलला गेला, एवढं पुरे. कुठला ते कशाला?

---

डबलबेल | १० ऑगस्ट, दुपारी १.०५

'उजवा' काढू नका. बाबांच्या डाव्या हातात तिकिटांचा ट्रे असायचा. दोरी ओढायला उजवाच मोकळा असायचा, तोही तिकिटाला भोक पाडायचा पंच बोटांत अडकवून.

---

खडूस_वाचक | १० ऑगस्ट, दुपारी १.०८

ठेवा.